न मोजलेली म्हैस

१

सून शिकलेली असावी, इथपर्यंत दगडाबाईंचं काही म्हणणं नव्हतं. पण एकाच दारात एकच प्रश्न तीनदा विचारायला जाणारी सून त्यांनी आपल्या अडुसष्ट वर्षांत पाहिली नव्हती.

"त्यापरीस तलाठी बरा," ओट्यावर पाय पसरून त्या शेजारच्या भिवराबाईला सांगत होत्या. "एकदा इचारतो, काय सांगंल ते लिहितो आन् जातो. आमची उत्पला? बारा-तेराच्या दुष्काळात दसऱ्याच्या आदी इचारलं, शिमग्याला पुन्ना इचारलं, उन्हाळ्यात पुन्ना त्याच दारात. लोकं मला म्हणायची, दगडाबाई, सुनेला कानानं कमी येतं का? आन् मी इचारलं, बाई, एवढं इचारून तुला घावलं काय? तर म्हणती, अजून पक्कं नाही, आत्या. तीन वर्सं झाली त्याला. घरातल्या माणसाला सांगायचं न्हाई, असलं काय सोनं घावलंय?"

भिवराबाई ऊसतोडीवरून पाडव्याला परतलेली. दर वर्षी दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याकडं जायचे आणि घराला सहा महिने कुलूप. ती हसून म्हणाली, "माझ्याकडं तर चहा निवून गेला तरी हिचं लिहिणं सरंना."

एवढ्यात उत्पला आतून दारात आली. अंबाजोगाईची पोरगी, तिथल्या कॉलेजात शिकलेली, आवाज चढवून बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. आताही ती हळूच बोलली, पण चौकट घट्ट धरून.

"आत्या, पेटीतल्या वह्या तुम्ही हलवल्या का?"

"मी कशाला हलवू? त्या पेटीला हात लावला तर तू आठ दिवस तोंड पाडून बसतीस."

"बारा होत्या. पाचच आहेत. सात वह्या नाहीत."

दगडाबाई उठल्या. गोधड्यांच्या थराखाली पत्र्याची पेटी, तिच्यात वह्या, ही जागा त्यांनीच दिलेली, उंदरांपासून लांब म्हणून. पेटी जागेवर होती. गोधड्या घडी न मोडता परत वर ठेवलेल्या होत्या. पण लाल गोधडी, जी दगडाबाई नेहमी सगळ्यात खाली ठेवायच्या, ती आता सगळ्यात वर होती.

त्यांच्या घरात कुणीतरी हात घातला होता, तोही सावकाश, नीटनेटका.

२

दुसरीपर्यंत शिकलेल्या दगडाबाईंनी अकरा बाया जमवून गावात महिला दूध संस्था उभी केली, तेव्हा गावातली निम्मी माणसं हसली होती. नंतर त्याच माणसांच्या बायका सकाळी किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कुणाच्या घरी दूध आटलं, कुणाकडं चिकाचं दूध आलं, कुणी पाणी घातलं, हे दगडाबाईंना वहीत बघावं लागत नसे. कड्याच्या बाजारापर्यंत त्यांच्या तोंडाची कीर्ती होती. आता त्या तोंडाला एक काम मिळालं होतं.

"आदी मला सांग, तुझं अडतंय काय," त्या उत्पलाला घेऊन भिंतीला टेकल्या. वर बाबासाहेबांचा फोटो होता. "ह्यांच्या नावाआदी डॉक्टर हाय, ते सुई टोचणारं न्हाई, एवढं मला कळतं. म्होरलं सांग. लई पुस्तकं वाचली की मिळती ना ती पदवी?"

"नाही आत्या. वाचावं लागतंच, पण ते सुरुवातीला. ज्याचं उत्तर कुणीच शोधलेलं नाही, असा एक प्रश्न धरायचा. विद्यापीठ म्हणालं, हा विचारण्यासारखा आहे, की नोंदणी होते. मग शिकवणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली काम. दर सहा महिन्यांनी काय केलं ते लिहून द्यायचं. शेवटी सगळं एका प्रबंधात मांडायचं. तो बाहेरगावच्या जाणकारांकडं जातो. त्यांनी पसंत केला की सगळ्यांसमोर उभं राहायचं. कुणीही यावं, काहीही विचारावं."

"कुणीबी?"

"कुणीही. आणि फिरून फिरून एकच विचारतात, कशावरून? तू म्हणतेस ते कशावरून? त्याला उत्तर म्हणजे त्या वह्या."

दगडाबाईंना हे आवडलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पदवी म्हणजे सरकारनं दिलेला कागद. हे तर चावडीवर उभं करून जाब विचारणं होतं.

"मग आता?"

"सोमवारी औरंगाबादला गाईड मॅडम मूळ वह्या तपासणार. तपासल्याशिवाय त्या सही करत नाहीत. पंधरा जूनला माझी मुदत संपते. एकदा वाढवून घेतलीय, आता वाढत नाही. संपली की नोंदणी रद्द." उत्पलानं पेटीचं झाकण लावलं. "पाच वर्षं मी काहीच केलं नाही असं होईल."

आज शुक्रवार होता.

"तुझा प्रश्न काय, ते तरी आज सांगशील?"

"दुष्काळात आपल्या गावाला चाऱ्याच्या गाड्या भरून आल्या, तरी चारा पुरला का नाही."

"ह्यात काय शोधायचं? इठ्ठलरावानं खाल्ला. त्याच्या सोसायटीकडं चाऱ्याचा डेपो व्हता. लेकरालाबी ठावं हाय."

उत्पलानं लाल गोधडी उचलून खाली, तिच्या जागी ठेवली.

"गेल्या त्या वह्यांत काय व्हतं?"

"पहिली फेरी. दसऱ्याच्या आधीची. एकशे बारा घरं. रकाने पाडलेले, कुणाकडं किती माणसं, किती जनावरं, किती चारा मिळाला. उरलेल्या पाचांत दुसरी-तिसरी फेरी आहे. त्यात रकाने नाहीत. बायका जशा बोलल्या तसं उतरवलंय."

"म्हंजी चोरानं पेटी उघडली, बाराच्या बारा बघितल्या, आन् रकान्याच्याच उचलल्या?"

उत्पलाच्या हे लक्षात आलं नव्हतं.

"मंगळवारी व्हत्या?"

"मंगळवारी सकाळी मी मोजल्या होत्या."

मग बुधवार. बुधवारी दुपारी पाण्याचा टँकर आला आणि सगळी आळी हंडे-कळश्या घेऊन मारुतीच्या पारापाशी धावली. घरी फक्त भारत होता, दगडाबाईंचा मुलगा आणि उत्पलाचा नवरा, ओट्यावर तोंडावर टॉवेल टाकून घोरत. परतल्यावर घरात दोन नव्या वस्तू दिसल्या होत्या. कोनाड्यात विठ्ठलरावांच्या नातवाची लग्नपत्रिका. आणि फळीवर उत्पलाचं एक पुस्तक, जे तालुक्याच्या कॉलेजातले आसाराम सर वाचायला घेऊन गेले होते.

म्हणजे दोन माणसं आत येऊन गेली होती. आणि तिसरा दारातच झोपलेला होता. त्यानं मागच्याच महिन्यात, भाजी करपली म्हणून, सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं होतं, "एक दिवस ह्या वह्या चुलीत घालतो का न्हाई बघ!"

दगडाबाईंनी पदर खोचला आणि आधी पोटच्या पोराकडं मोर्चा वळवला.

३

भारत दुधाचा टेम्पो धूत होता. धूत म्हणजे ओल्या फडक्यानं पुसत, पाणी कुठलं?

"वह्या कुठं हायत बे?"

"कसल्या?"

"तुझ्या बायकूच्या. चुलीत घातल्या का?"

भारतनं फडकं खाली टाकलं. "आये, आपल्याकडं चूल कुठं हाय? गॅस हाय."

"तोंड नगं चालवू. बुधवारी दारात तू व्हतास. कोण आलं, कोण गेलं?"

"विठ्ठलनानाचा आवाज आला, 'पत्रिका ठिवतो रे.' मी हूं म्हनलं. मग सरांची फटफटी आली. ते म्हनले, झोप झोप, पुस्तक ठिवून जातो. मग मला काय म्हाईत न्हाई. पहाटं तीनला उठून दूध घालून आलतो."

"कोण जास्ती येळ आत व्हतं?"

"झोपलेल्या माणसाला इचारती व्हय?"

दगडाबाई हलल्या नाहीत. भारतनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आये, मी त्या वह्या जाळीन कावून? त्यात निम्मं अक्षर माझं हाय. दुसऱ्या फेरीला मीच तिच्यासंगं गेलतो. ती बोलायची, मी लिहायचो."

"तू?"

"कुनाला सांगू नगं. पोरं म्हनतील, बायकूमागं वही घिऊन हिंडतो."

दगडाबाईंनी पोराकडं नव्यानं पाहिलं. हा गडी दहावीला दोनदा बसला होता.

"मग चुलीत घालीन कावून म्हनलास?"

"भाजी करपली व्हती."

हे पटण्यासारखं होतं. शिवाय जाळायला निघालेला माणूस रकाने बघत बसत नाही; हाताला लागेल ते सगळं घालतो. भारतचं नाव त्यांनी मनातून काढलं आणि त्याचा त्यांना जितका आनंद झाला तितका त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

राहिले दोन. त्यातला एक कोण, हे त्यांना न विचारताच माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं.

४

विठ्ठलराव स्वतःहूनच आले. दगडाबाईंनी निरोप पाठवला होता, पण असा, की न येणं कमीपणाचं वाटावं. पांढरी टोपी, हातात काठी, आणि ओट्याची पायरी चढताना चेहऱ्यावर असा भाव, की बघा, आलोय.

बसण्याआधी त्यांची नजर गोठ्याकडं गेली. "ती भुरी म्हैस गाभण दिसती, दगडाबाई. कितवा म्हैना?"

"ऊन लई वाढलंय यंदा," दगडाबाई म्हणाल्या. "बसा."

विठ्ठलराव मिशीत हसले आणि बसले.

"बुधवारी तुमी माझ्या घरात आलते."

"पत्रिका द्यायला. आमंत्रण देणं गुन्हा हाय का?"

"सुनेच्या वह्या गेल्या. चाऱ्याच्या. तुमच्या डेपोच्या येळच्या." त्या सरळ डोळ्यांत बघत होत्या. "त्या वह्या जगापुढं आल्या तर कुणाला वाईट वाटंल, सांगा बरं?"

विठ्ठलरावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"तीन वर्सं मी ह्या गावात चाराचोर हाय. लग्नाच्या पंगतीत माझ्या पानात भात वाढताना बायका तोंड दाबून हसत्यात. हे नाव कुणी पाडलं, ते मी सांगत न्हाई, तुमाला ठावं हाय. एकशे बारा घरात एकच बाई अशी निघाली, जिनं मला चोर न म्हणता इचारलं, नाना, गाड्या किती आल्या, वजन कुठं झालं, वाटप कशावरून केलं? ती तुमची सून. तीनदा आली. तिसऱ्यांदा तर माझ्या बायकूनं तिला जेवाय घातलं." त्यांनी टोपी सारखी केली. "तिचं पुस्तक व्हावं म्हणून मी वाट बघतोय. मी चोरीन कावून?"

"वाटप कशावरून केलं मग?"

"यादीवरून. तुमच्या संस्थेनं दिलेल्या. जेवढी जनावरं यादीत, तेवढ्यांचा चारा. काडी कमी न्हाई."

"माझ्या यादीला नावं ठिवू नका. दारोदार जाऊन, एकेकीला इचारून केलीय मी ती."

"मी कुठं नावं ठिवतोय?"

विठ्ठलराव गेले. दगडाबाई बराच वेळ काठीनं मातीत पडलेला ठिपका बघत बसल्या. माणूस खोटं बोलतो तेव्हा जास्तीचं बोलतो; हा माणूस मोजकंच बोलला होता. त्यांना हे अजिबात आवडलं नाही.

५

शनिवारी सकाळी आसाराम सरांची फटफटी दारात थांबली. सर भले माणूस. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, दगडाबाईंना आईसाहेब म्हणायचे. त्यांचंही पीएचडीचं चाललं होतं, दुसऱ्या गाईडकडं, दुष्काळातल्या जनावरांवरच. नऊ वर्षं चाललं होतं.

"ऐकलं आणि राहवलं नाही, आईसाहेब," सर ओट्यावर बसले. गोठ्याच्या बाजूला त्यांनी पाठ केली; वास सहन होत नसे. "वहिनी, खचून जाऊ नका. मॅडमना सरळ पत्र लिहा, माहिती गहाळ झाली. नोंदणी पुन्हा करता येते. आणि माझा अभ्यास याच गावाचा आहे. माझे आकडे मी तुम्हाला देतो. खाली फक्त माझं नाव टाका, की यांच्याकडून घेतले."

त्यांनी पिशवीतून टाईप केलेले कागद काढले. उत्पलाचे डोळे भरून आले. दोन दिवसांत तिला आधार देणारं हे पहिलंच बोलणं होतं.

दगडाबाईंनाही बरं वाटलं. पण त्यांच्या डोक्यात कालपासून एक शब्द घोळत होता, 'कशावरून?'

"सर, मी अडाणी बाई. हे आकडे तुमी घेता कसे?"

"उत्तम प्रश्न!" सर खुलले. "बाकीचे लोक विचारून लिहितात. विचारलं की लोक खोटं सांगतात. मी विचारतच नाही. दावणीपाशी स्वतः उभा राहतो आणि डोळ्यांनी मोजतो. माझ्या प्रबंधात या पद्धतीवर आख्खं एक प्रकरण आहे."

"लई चांगलं. आन् आमच्या गावचं कवा मोजलं?"

"तेराचा जानेवारी. संक्रांतीचा आठवडा. घर अन् घर."

"मंग आमी पण असूच की त्यात," दगडाबाई लाजल्यासारखं करून म्हणाल्या. "माझं नाव वाचून दावा ना सर. छापलेल्यात कधी ऐकलं न्हाई."

सरांनी कौतुकानं पान उलटलं. "हे बघा. दगडाबाई, महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. घरात माणसं तीन. म्हशी दोन."

दगडाबाईंचा सुपारी कातरणारा हात थांबला.

"भारत," त्या हाक मारून म्हणाल्या, "इठ्ठलरावाला बोलावून आण. भिवराबाईलाबी. म्हनावं, सर गावाचे आकडे वाचत्यात, ऐकाय या."

६

दोघं आले. चहा झाला. सरांना श्रोते वाढलेले आवडले.

"भिवराबाईचं काय लिवलंय?" दगडाबाईंनी विचारलं.

"भिवराबाई... गाय एक."

"पाराशेजारच्या केशरबाईचं?"

"म्हैस एक, शेळ्या चार."

"धोंडीरामाचं?"

"बैल दोन, गाय एक."

"चतुराबाईचं?"

"म्हशी तीन."

"आन् माझ्या दोन. सर, ह्यातलं दोघांचं बरोबर हाय. धोंडीरामाचं आन् केशरबाईचं. तिघींचं एकेक जनावर कमी भरतंय." त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. "त्या संक्रांतीला माझ्या दावणीला तीन म्हशी व्हत्या. तिसरी शिमग्याला इली, रेडी झाली तिला. चतुराबाईला चार, चौथी पाडव्याच्या आदी इली, तिचं चिकाचं दूध मी खाल्लंय. भिवराबाईला दोन गाई, एक बहिणीच्या गोठ्यात इली."

"मोजताना एखादं राहतं, आईसाहेब."

"ऱ्हातं की. पण ऱ्हायलेलं दर येळी गाभणच कसं? डोळ्यानं मोजणाऱ्याला गाभण म्हैस आदी दिसती सर, लई मोठी असती ती."

सर हसायला गेले, पण मध्येच थांबले. भिवराबाईनं पटकन पदर तोंडाला लावला. तिला कळलं होतं. गावातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं.

आणि त्याच क्षणी दगडाबाईंना पुढचंही कळलं.

गाभण जनावर इथं कुणी तोंडानं मोजत नाही. कुणीही विचारलं तरी ते सोडून सांगायचं; इल्यावरच त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर दृष्ट लागते. देव सुटले, नवस सुटले, धर्म बदलला, पण दावणीची ही रीत दगडाबाईंच्या आईनं त्यांना दिली आणि त्यांनी कधी मोडली नाही. चाऱ्यासाठी त्या तहसीलदाराशी भांडल्या असत्या, पण गाभणीचं नाव घेतलं नसतं. दारोदार जाऊन त्यांनी जनावरांची यादी केली होती. विचारून. एकेकीला विचारून. एकशे बारा घरं, आणि प्रत्येक गाभण जनावर यादीच्या बाहेर. ज्यांना सगळ्यात जास्त चारा लागतो, त्यांच्याच वाटचा चारा कधी मागितलाच गेला नव्हता. म्हणून त्या साली रेडकं मेली होती. म्हणून दूध आटलं होतं.

समोर विठ्ठलराव काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते.

इथं गप्प बसलं तर काही बिघडत नव्हतं. 'चुकलं असंल सरांचं' एवढं म्हटलं की कागद पिशवीत गेले असते, सर गेले असते, वह्या गेल्या असत्या आणि तीन वर्षं बोललेली वाक्यं खरीच राहिली असती. उत्पला त्यांच्याकडं बघत होती. तिनं सासूच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते ओळखलं होतं, आणि ती मदतीला येत नव्हती.

दगडाबाई उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या.

"गाभण जनावर आमी सांगत न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, विठ्ठलरावांनाही नीट ऐकू जावं असं. "इचारलं की एक कमी येतं. बघितलं की येत न्हाई. तवा सर, हे आकडे तुमच्या डोळ्याचे न्हाईत. हे कुणाच्यातरी कानाचे हायत."

"बरं," सरांनी रुमाल काढला, "काही घरी विचारलंही असेल. आता इतकं आठवत नाही. या भिवराबाईंनीच सांगितलं असेल."

"संक्रांतीच्या आठवड्यात?"

"हो."

"मी?" भिवराबाई ओरडलीच. "संक्रांतीला मी उसाच्या फडात व्हते सर! दसरा झाला की गेलते, पाडव्याला आले. घराला कुलूप व्हतं. गाई बहिणीकडं धाडल्या व्हत्या. ऊसतोडीच्या माणसाचं दार संक्रांतीला कधी उघडं असतं का?"

"मग ती एक गाय तुमाला सांगितली कुणी सर?" दगडाबाईंनी शांतपणे विचारलं. "कुलपानं? दसऱ्याच्या आदी तिला इचारणारं माणूस एकच व्हतं. तिनं रकान्यात लिवलं, एक गाय. ते तुमी उचललं. म्होरल्या पाच वह्यांत तिच्या दोन गाई हायत, माझ्या तीन म्हशी हायत, पर त्या नुसत्या बायकांच्या गप्पा, रकाने न्हाईत, म्हणून तुमी त्या पेटीत ठिवल्या. सांगा, कशावरून मी चुकती?"

फटफटीजवळ भारत जाऊन उभा राहिला होता.

सरांच्या हातातले कागद मांडीवर पडले. ते बोलले तेव्हा आईसाहेब म्हणाले नाहीत.

"नऊ वर्षं झाली. माझ्या हाताखालून शिकलेली पोरं डॉक्टर होऊन माझ्या वर बसली. कॉलेजात रोज विचारतात, सर, कुठवर आलं? मला लोकांच्या दारात उभं राहता येत नाही हो. कुणी कुत्रं सोडतं, कुणी हसतं. मी दोनदा आलो होतो या गावात, वेशीवरून परत गेलो." त्यांनी उत्पलाकडं बघितलं नाही. "पुस्तक देताना वहिनींनी पेटी उघडली, तेव्हा जागा बघितली होती. वह्या कड्याला आहेत. टायपिंगवाल्याकडं."

"भारत, टेम्पो काढ. सरांना संगं ने," दगडाबाई म्हणाल्या. "आन् सर, सोमवारी तुमीबी औरंगाबादला चला. मॅडमपुढं तुमच्या तोंडानं सांगा. तेवढं एक दार तरी चढा."

७

दुपारी सातही वह्या परत आल्या. एकीच्या पुठ्ठ्यावर चहाचा गोल डाग पडला होता. उत्पला तो पदरानं पुसत बसली.

विठ्ठलराव अजून गेले नव्हते. जेवायला थांबा असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं आणि जा असंही नाही. भारत दाराशी, भिवराबाई उंबऱ्यावर.

"तुला कवा कळलं?" त्यांनी उत्पलाला विचारलं.

"तिसऱ्या फेरीत. दोन फेऱ्यांचा मेळ बसेना. मग बघितलं, वाढलेलं प्रत्येक जनावर नुकतं इलेलं होतं."

"आन् यादी माझी, हेबी तवाच कळलं."

"हो."

"तीन वर्सं मी गावभर इठ्ठलरावाचं नाव घेत हिंडले, आन् तू आत बसून ऐकत व्हतीस."

"पक्कं झाल्याशिवाय कसं सांगणार होते, आत्या? रीत आहे असं मला वाटत होतं, पण एकही बाई कबूल करत नव्हती. तुम्हीही नाही. दोनदा विचारलं, दोनदा तुम्ही ऊन वाढलंय म्हणालात." तिनं वही बंद केली. "आज पहिल्यांदा कुणीतरी तोंडानं बोललं. तेही तुम्ही."

भारत घसा खाकरून म्हणाला, "तसं नाव घालायलाच पायजे असं न्हाई. 'गावातल्या एका संस्थेची यादी' असं लिवलं तर?"

"चालतं," उत्पला लगेच म्हणाली. "नियमात बसतं. नावं गाळायचीच पद्धत आहे. आत्या, मी सोमवारच्या आधी ते पान बदलते."

सगळ्यांनी दगडाबाईंकडं बघितलं. विठ्ठलरावांनी मात्र मान दुसरीकडं वळवली. ते त्यांचं मोठेपण होतं आणि दगडाबाईंना ते टोचलं.

त्या उठून उत्पलासमोर उभ्या राहिल्या.

"एका संस्थेची म्हनलं की त्यात बाकीच्या अकरा बाया येत्यात. त्यांनी काय केलं? यादी मी केली. तसं पान बदलायचं न्हाई. इठ्ठलरावानं काडी खाल्ली न्हाई, हेबी साफ लिव, ते हितं बसलेत तवाच लिव. आन् आता तुझं. घरातल्या माणसाची चूक पोटात ठिवून तीन वर्सं तिच्याच ताटात जेवलीस, हे वागणं मला पटलं न्हाई, मरंस्तोवर पटणार न्हाई. पर घावलेलं खरं सासूला भिऊन खोडशील, तर तू मला सून म्हणूनबी नगं आन् डॉक्टर म्हणूनबी नगं. लिव माझं नाव. पुरं लिव, नवऱ्याच्या नावासकट."